घरगुती चित्रपटगृहासाठी सराउंड साउंड : स्पीकरची मांडणी कशी निवडावी

घरातील एखाद्या खोलीत चित्रपटगृहाचा ध्वनी उभा करावयाचे ठरले की पहिला प्रश्न विचारला जातो तो संख्येचा. स्पीकर पाच घ्यावेत की सात? छतात दोन बसवावेत की चार? दुकानातील चर्चा आणि जाहिरातींतील मजकूरही याच आकड्यांभोवती फिरत असतो. वस्तुतः आकडा हा या निर्णयाचा शेवट आहे, आरंभ नव्हे. प्रेक्षक खोलीत नेमका कोठे बसणार, हे आधी ठरावे लागते. आसनाची जागा निश्चित झाली की प्रत्येक स्पीकर कोणत्या कोनात हवा हे ठरते. आणि ते कोन साधता येतात की नाही, यावरून त्या खोलीला किती स्पीकर पेलतील याचे उत्तर मिळते.

हा क्रम चुकल्यास त्याची किंमत मोठी असते. तारा एकदा गिलाव्याखाली गेल्या आणि फॉल्स सीलिंग पूर्ण झाले की स्पीकर दोन फूट सरकवायचा म्हटले तरी भिंत फोडावी लागते. म्हणून अंतर्गत सजावटीचे काम सुरू होण्यापूर्वीच, कागदावर आणि प्रत्यक्ष खोलीत मोजमाप करून हा निर्णय घेणे श्रेयस्कर ठरते.

आकड्यांचा अर्थ

स्पीकरच्या मांडणीचे नाव दोन किंवा तीन आकड्यांनी लिहिले जाते. पहिला आकडा बसलेल्या प्रेक्षकाच्या कानाच्या पातळीवरील स्पीकरचा, दुसरा खर्जाच्या स्वतंत्र वाहिनीचा, म्हणजे सबवूफरचा, आणि तिसरा डोक्यावरील स्पीकरचा असतो. ५.१ या मांडणीत समोर डावा, मधला आणि उजवा, बाजूला दोन सराउंड स्पीकर आणि एक सबवूफर येतो. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन स्पीकरची भर पडते. ५.१.२ म्हणजे ५.१ च्या जोडीला छतातील दोन, ७.१.४ म्हणजे ७.१ च्या जोडीला छतातील चार स्पीकर.

येथे एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. ७.१ आणि ५.१.२ या दोन्ही मांडण्यांना रिसीव्हरमधील ॲम्प्लिफायरच्या सातच वाहिन्या लागतात, कारण सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. ५.१.४ साठी नऊ, तर ७.१.४ साठी अकरा वाहिन्या लागतात. म्हणजेच सात वाहिन्यांचा रिसीव्हर घेणाऱ्याला पाठीमागचे दोन किंवा डोक्यावरचे दोन, यांपैकी एकाची निवड करावी लागते. ही निवड खोली पाहूनच करता येते.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४० मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेझिया’ या चित्रपटासाठी ‘फँटासाउंड’ ही अनेक वाहिन्यांची यंत्रणा काही निवडक चित्रपटगृहांत बसविण्यात आली. १९७७ मधील ‘स्टार वॉर्स’मुळे डॉल्बी स्टिरिओचा प्रसार झाला, त्यात चार वाहिन्यांचा ध्वनी फिल्मवरील दोन पट्ट्यांत सामावलेला असे. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटलचा ५.१ ध्वनी चित्रपटगृहांत आला, तर १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस. पुढे हीच ५.१ रचना घराघरांतील यंत्रणांचा पाया ठरली.

२०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाने डॉल्बी ॲटमॉसचा आरंभ झाला. या पद्धतीत एखादा आवाज विशिष्ट वाहिनीला बांधलेला नसतो; तो अवकाशात कोणत्या बिंदूवर आहे याची माहिती ध्वनीसोबत दिलेली असते आणि उपलब्ध स्पीकरमधून तो बिंदू कसा उभा करायचा हे रिसीव्हर ठरवतो. मात्र हे ठरवताना स्पीकर प्रमाणित जागी आहेत, असे रिसीव्हर गृहीत धरतो. जागा चुकलेली असेल तर गणित बिनचूक असूनही आवाज भलतीकडून येतो.

कोनांचे प्रमाण

पडद्याचा मध्य म्हणजे ० अंश आणि प्रेक्षकाच्या बरोबर पाठीमागे १८० अंश, असे धरून कोन मोजले जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीनुसार समोरचे डावे-उजवे स्पीकर प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांदरम्यान असावेत. डॉल्बीच्या मार्गदर्शनानुसार समोरच्या स्पीकरसाठी २२ ते ३० अंशांची मुभा आहे. ७.१ मध्ये बाजूचे स्पीकर ९० ते ११० अंशांवर, तर मागचे १३५ ते १५० अंशांवर येतात.

रिसीव्हरसोबत येणारा मायक्रोफोन प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि आवाजाची पातळी मोजून त्यांतील तफावत भरून काढतो. ध्वनीला एक फूट अंतर कापण्यास सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतो; त्यामुळे जवळच्या स्पीकरचा आवाज तितका उशिरा सोडला की हिशेब जुळतो. अंतर आणि पातळी यंत्र सुधारू शकते. स्पीकरची दिशा मात्र सुधारू शकत नाही. म्हणूनच मांडणीत कोनाला सर्वाधिक महत्त्व आहे.

एका खोलीचे गणित

उदाहरणादाखल १५ फूट लांब आणि ११ फूट रुंद अशी खोली घेऊ. फॉल्स सीलिंगनंतरची उंची ९ फूट आणि पडदा किंवा दूरचित्रवाणी संच ११ फुटांच्या भिंतीवर आहे.

आपल्याकडे सोफा मागील भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत आहे. तसे केल्यास प्रेक्षकाचे डोके समोरच्या भिंतीपासून सुमारे १४ फुटांवर येते. समोरचे स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे आहेत असे धरले, तर ३० अंशांचा कोन साधण्यासाठी त्या दोहोंत सुमारे १५ फूट अंतर हवे. खोली मात्र ११ फूटच रुंद आहे. दोन्ही स्पीकर पावणेनऊ फुटांवर ठेवले तरी कोन जेमतेम १९ अंशांचा होतो आणि ध्वनीचे चित्र आक्रसते. पाठीमागची स्थितीही समाधानकारक राहत नाही. डोक्यामागे फूटभरच जागा असल्याने बाजूच्या भिंतीवरील सराउंड स्पीकर १०० अंशांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि मागच्या दोन स्पीकरना तर अर्थच उरत नाही.

आता सोफा पुढे घेऊन डोके समोरच्या भिंतीपासून ९.३ फुटांवर आणू. मागे ५.७ फूट जागा राहते. समोरच्या स्पीकरपासूनचे अंतर ८.३ फूट होते. ३० अंशांसाठी स्पीकरमध्ये ९.६ फूट अंतर लागेल, पण मग ते बाजूच्या भिंतींना जवळजवळ चिकटतील आणि भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळेल. २५ अंशांचा कोन पत्करल्यास दोहोंतील अंतर ७.७ फूट होते आणि प्रत्येक बाजूस दीड फुटाहून अधिक जागा मोकळी राहते. सराउंड स्पीकर ११० अंशांवर हवे असतील तर ते कानाच्या रेषेच्या दोन फूट मागे, बाजूच्या भिंतींवर येतात. मागील भिंतीवर एकमेकांपासून साडेसहा फुटांवर दोन स्पीकर लावल्यास १५० अंशांचा कोन मिळतो, म्हणजे ७.१ देखील शक्य होते. खोली तीच, उपकरणेही तीच. केवळ आसन पुढे आल्याने सारे पर्याय खुले झाले.

मधला स्पीकर का हवा

दोनच स्पीकर असतील तर संवाद पडद्याच्या मधोमध उमटल्याचा भास होतो. पण तो केवळ मध्यभागी बसलेल्या व्यक्तीला. कान प्रथम पोहोचणाऱ्या आवाजाला दिशा मानतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये या परिणामाचा अभ्यास मांडला होता. वरील खोलीत मध्यापासून दोन फूट बाजूला बसलेल्या व्यक्तीला जवळचा स्पीकर दीड मिलिसेकंद आधी ऐकू येतो. एवढ्याशा फरकाने पात्राचा आवाज पडद्याच्या मध्यावरून सरकून त्या कडेच्या स्पीकरमधून येऊ लागतो. कुटुंबातील तीन-चार माणसे एकत्र बसणार असतील तर मधला स्पीकर अनिवार्य ठरतो.

बहुतेक चित्रपटांतील संवाद प्रामुख्याने याच वाहिनीत असतात. जुने मराठी व हिंदी चित्रपट एकाच वाहिनीचे असल्याने रिसीव्हरच्या सराउंड पद्धतीत त्यांचा जवळजवळ संपूर्ण ध्वनी मधल्या स्पीकरकडे जातो. बातम्या, मालिका आणि जुने चित्रपट यांचाच भरणा असणाऱ्या घरात खर्चाचा मोठा वाटा समोरच्या तीन स्पीकरवर करणे शहाणपणाचे आहे. मधला स्पीकर कपाटाच्या खणात खोल ढकलू नये. तो खणाच्या कडेशी आणावा आणि कानाच्या दिशेने किंचित कलता ठेवावा. तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील असावेत, म्हणजे पडद्यावर इकडून तिकडे जाणाऱ्या आवाजाचा पोत बदलत नाही.

बाजूचे आणि मागचे स्पीकर

सराउंड स्पीकर कानाच्या पातळीला अथवा त्याहून किंचित वर असावेत. वाटेत सोफ्याची पाठ किंवा शेजारच्याचे डोके येऊ नये. छतात स्पीकर बसवायचे असतील तर सराउंड फार उंच नेऊ नयेत. तसे केल्यास भोवतालचा आणि डोक्यावरचा ध्वनी यांतील भेद पुसला जातो.

अनेक सदनिकांत दिवाणखान्याची एक बाजू भिंतीची आणि दुसरी जेवणाच्या जागेकडे किंवा गॅलरीकडे उघडी असते. अशा वेळी एक स्पीकर भिंतीवर आणि दुसरा त्याच कोनात, त्याच उंचीच्या स्टँडवर ठेवता येतो. येण्याजाण्याच्या वाटेमुळे स्टँडही शक्य नसेल, तर समोरचे तीन आणि सबवूफर अशी ३.१ मांडणी स्वीकारणे अधिक प्रामाणिक ठरते. चुकीच्या जागी टांगलेला सराउंड स्पीकर कथेतून लक्ष विचलित करतो. नसलेला स्पीकर तसे करीत नाही.

मागच्या दोन स्पीकरसाठी आसनामागे किमान चार-पाच फूट जागा असावी. ती नसेल तर त्या दोन वाहिन्या छताकडे वळवाव्यात.

छतातील स्पीकर

छतातील चार स्पीकरपैकी पुढचे दोन आसनापासून वर पाहताना सुमारे ४५ अंशांवर आणि मागचे दोन तितकेच मागे, हे साधे सूत्र आहे. बसलेल्या माणसाचा कान ३.३ फुटांवर आणि छत ९ फुटांवर धरल्यास दोहोंत ५.७ फूट फरक पडतो. म्हणून पुढचे स्पीकर डोक्याच्या ५.७ फूट पुढे येतात. उदाहरणातील खोलीत मागे तेवढे अंतर घेतले तर भिंतच लागते. तेथे स्पीकर साडेचार फुटांवर घ्यावेत. कोन १२८ अंशांच्या आसपास येतो आणि तो मान्य मर्यादेत बसतो. दोनच स्पीकर असतील तर ते डोक्याच्या किंचित, फूटभर पुढे असावेत. डावी-उजवी जोडी समोरच्या स्पीकरच्या रेषेत ठेवावी.

भारतीय घरात येथे छताच्या पंख्याचा विचार करावा लागतो. १२०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून प्रत्येक बाजूस दोन फूट जागा व्यापतो. समोरच्या स्पीकरच्या रेषेतील, मध्यापासून पावणेचार फुटांवरील छताचा स्पीकर या घेराबाहेर राहतो आणि त्याचा आवाज पात्यांना न छेदता कानापर्यंत पोहोचतो. तुळई आडवी येत असल्यास स्पीकर तिच्या मागे दडणार नाही, हे पाहावे.

छतात छिद्रे पाडणे शक्य नसेल, उदाहरणार्थ भाड्याच्या घरात, तर वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर वापरता येतात. त्यांचा ध्वनी छतावरून परावर्तित होऊन कानाशी येतो. त्यासाठी छत सपाट आणि टणक हवे. साडेसात ते बारा फूट उंची त्यास अनुकूल असते. उतरते कौलारू छप्पर किंवा ध्वनिशोषक आच्छादन असलेले सीलिंग येथे उपयोगाचे नाही.

सबवूफर आणि खोलीचा खर्ज

खर्जाच्या ध्वनीची दिशा कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर कोठेही ठेवावा असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खोलीच्या लांबी, रुंदी व उंचीनुसार काही कंप्रता दोन भिंतींमध्ये घोटाळतात. १५ फूट लांबीसाठी पहिली अशी कंप्रता सुमारे ३८ हर्ट्झ, ११ फूट रुंदीसाठी सुमारे ५१ हर्ट्झ आणि ९ फूट उंचीसाठी सुमारे ६३ हर्ट्झ येते. भिंतीलगत या कंप्रता फुगून घुमतात, तर खोलीच्या बरोबर मध्यावर क्षीण होतात. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खर्ज गदगदतो आणि खोलीच्या मधोमध तो हरवतो, याचे कारण हेच. आसन लांबीच्या ६० ते ६५ टक्क्यांवर ठेवल्यास दोन्ही टोके टळतात; वरील उदाहरणातील ९.३ फूट त्याच हिशेबाने घेतले आहे.

सबवूफरची जागा शोधण्याची एक जुनी, सोपी रीत आहे. तो तात्पुरता आसनावर ठेवून खर्जाचे परिचित संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने वाकून फिरत ऐकावे. जेथे खर्जाचे स्वर सर्वांत एकसारखे आणि स्वच्छ ऐकू येतील, तेथे सबवूफर ठेवावा. खर्चाची तयारी असल्यास एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम आकाराचे घेऊन समोरच्या व मागच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. त्यामुळे वेगवेगळ्या आसनांवरील खर्जातील तफावत कमी होते. मुख्य स्पीकरकडून सबवूफरकडे ध्वनी सोपविण्याची सीमा ८० हर्ट्झ ठेवणे, हा सर्वसाधारण आरंभबिंदू आहे.

कोणत्या खोलीला कोणती मांडणी

सोफा मागच्या भिंतीपासून हलविता येत नसेल आणि छताला हात लावता येत नसेल, तर ५.१ पुरेशी आहे. एक बाजू पूर्ण उघडी असल्यास ३.१. सोफा भिंतीलगत, परंतु छताचे काम व्हावयाचे असेल, तर ७.१ ऐवजी ५.१.२ निवडावी. आसनामागे चार-पाच फूट जागा असून स्वतंत्र खोली उपलब्ध असेल, तर ५.१.४ समतोल ठरते. ७.१.४ साठी याच्या जोडीला दोन्ही बाजूंना भिंती, त्यांपासून कडेच्या आसनाचे पुरेसे अंतर आणि अकरा वाहिन्यांचा खर्च लागतो. अंदाजपत्रक मर्यादित असल्यास पाच चांगले स्पीकर आधी घ्यावेत आणि पुढील स्पीकरच्या तारा मात्र आताच टाकून ठेवाव्यात.

तारा आणि जोडण्या

स्पीकरसाठी तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची तार घरगुती अंतरांना सामान्यतः पुरते. लांबच्या स्पीकरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. ती विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये, स्वतंत्र पाइप टाकावा. पडद्यापर्यंतच्या एचडीएमआय तारेसाठी मोठ्या व्यासाचा पाइप ठेवल्यास ती पुढे बदलता येते. गिलावा होण्यापूर्वी सर्व पाइपांची छायाचित्रे मोजपट्टीसह काढून ठेवावीत.

दूरचित्रवाणी संचातून रिसीव्हरला ध्वनी द्यायचा असेल तर दोन्ही उपकरणांत ई-आर्क सुविधा असल्याची खात्री करावी. साध्या आर्कमधून संकुचित स्वरूपातील ॲटमॉस ध्वनी जाऊ शकतो. ब्लू-रे तबकडीवरील पूर्ण दर्जाच्या ध्वनीसाठी मात्र ई-आर्क किंवा तबकडीयंत्राची रिसीव्हरशी थेट जोडणी लागते.

शेजाऱ्यांचा विचार

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, अशीही तरतूद आहे. नियमातील मोजमाप कानाच्या संवेदनक्षमतेनुसार असल्याने त्यात खर्जाला कमी वजन मिळते. स्लॅबमधून खालच्या घरात पोहोचणारा मात्र बहुधा खर्जच असतो. सबवूफर जाड रबरी बैठकीवर ठेवणे, तो सामायिक भिंतीपासून दूर नेणे आणि रात्री रिसीव्हरमधील रात्रकालीन पर्याय वापरणे हे उपाय साधे आहेत. या पर्यायात मोठे आवाज दबतात आणि हलके संवाद वर येतात. भिंतींवरील पडदे आणि गालिचा खोलीतील घुमण्याला आळा घालतात. आवाज बाहेर जाणे मात्र त्यांनी थांबत नाही.

खरेदीपूर्वीची चाचणी

दुकानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ खोलीसाठी राखून ठेवावी. नियोजित आसनाच्या जागी खुर्ची मांडून कानाच्या उंचीवर सुतळीचे एक टोक धरावे आणि कोनमापकाच्या साहाय्याने दुसरे टोक प्रत्येक स्पीकरच्या संभाव्य जागेपर्यंत न्यावे. जेथे सुतळी विनाअडथळा पोहोचते तेथे खडूने खूण करावी. दार, खिडकी, पंखा किंवा कपाट आड येईल ती जागा वगळावी. उरलेल्या खुणा मोजल्या की खोलीला पेलणारी मांडणी समोर येते. दुकानदाराला सांगायचा आकडा तोच.